सिक रूमचं रजिस्टर बघायला कोणी मागत नाही

पालक शाळा बघायला येतात तेव्हा कॉम्प्युटर लॅब बघतात, स्कूल बस बघतात, "सिक रूम आहे ना?" विचारतात आणि पलंगावरची पांढरी चादर बघून खूश होऊन जातात. तिथलं रजिस्टर दाखवा, असं अजून तरी कोणी म्हटलेलं नाही. मी धुळे जिल्ह्यातल्या एका शाळेत नर्स आहे. माझ्या मते त्या खोलीत सगळ्यात कामाची वस्तू तीच.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे खरचटलं की पट्टी आणि दुखलं की गोळी. गोळी तर मी माझ्या मनाने देतच नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली आणि पालकांनी सही केलेली असेल तेवढीच. (कंपासपेटीत कागदात गुंडाळून बिननावाची गोळी पाठवणाऱ्या समस्त आयांनो, हे तुमच्यासाठी.) दम्याच्या पोराचा पंप मात्र त्याच्या दप्तरातच हवा. माझ्या कुलपात ठेवून काय उपयोग? खरं काम एवढंच ठरवायचं असतं, की पोराला वर्गात परत पाठवायचं, घरी फोन करायचा, की थेट दवाखाना गाठायचा. आणि माझ्यापर्यंत पोर पोहोचेस्तोवर ते नाटक करतंय असा निकाल वर्गात लागलेलाच असतो.

"मॅडम, पोट दुखस." प्रार्थना संपली की हे ठरलेलं. गणिताचा पेपर असला की गर्दी वाढते, हे मलाही कळतं हो. तरी मी आधी विचारते, "सकाळे काय खादं?" पहाटेच्या एसटीने येणारं पोर चहा-बिस्किटावर निघालेलं असतं. डबा उघडून अर्धी भाकरी खाल्ली की बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच थांबतं.

हे सगळं लिहून ठेवायचं. कधी, कुठे, काय झालं, काय केलं, घरी कोणाशी बोलणं झालं, पोर कोणाबरोबर गेलं. कंटाळवाणं काम आहे, पण पानं मागे उलटली की गोष्टी दिसायला लागतात. एकाच वर्गातली चार पोरं जुलाब सांगत आली तर आधी पाण्याची टाकी उघडून बघावी. एखादी मुलगी दर आठवड्याला त्याच तासाला डोकं धरून येत असेल तर त्या तासाला वर्गात काय चालतं ते विचारावं. गुडघे फुटलेली पोरं मैदानाच्या एकाच कोपऱ्यातून येत असतील तर तिथली उघडी पडलेली खडी दाबायला सांगावी.

"नाटक" या निकालाची मला खरी भीती वाटते ती सिकलसेलच्या पोरांसाठी. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा हा आनुवंशिक आजार सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा समाजात बराच आहे. पोर वरून धडधाकट दिसतं, कधीकधी अंगात तापही नसतो आणि ते हातपाय दुखतात म्हणून रडतं. ते दुखणं भयंकर असतं. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली, अति पळवलं की ते उफाळतं. अशा पोराला उन्हात मैदानाच्या फेऱ्या मारायची शिक्षा देणं म्हणजे त्याला आपल्या हाताने दवाखान्यात पाठवणं. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, तपासण्या होतायत, चांगलंच आहे. पण तपासणीचा निकाल वर्गशिक्षकाला माहीत नसेल तर पोराला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणार कोण?

एप्रिलमध्ये नाकाचा घोळणा फुटलेली पोरं रोज. मान मागे टाकून, कांदा हुंगत, रक्त गिळत आणतात. मान पुढे झुकवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा, तोंडाने श्वास घ्यायला लावा. बस.

डोक्याला मार लागला असेल तर मात्र मी कोणाचं ऐकत नाही. कबड्डीत पडलेलं पोर "काही नई व्हयनं" म्हणत उठतं आणि सरही सुटकेचा श्वास सोडतात. टेंगूळ असो नसो, घरी फोन होतो आणि चिठ्ठी जाते: रात्रभर लक्ष ठेवा, उलटी झाली, डोकेदुखी वाढली, पोर बरळायला लागलं किंवा उठवूनही उठत नसेल तर थेट दवाखाना.

आमच्यासारख्या शाळांचं ठीक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत नर्सचं पदच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येऊन तपासून जातं. एरवी प्रथमोपचार पेटी मुख्याध्यापकांच्या कपाटात आणि मुख्याध्यापक मीटिंगला. नर्स देता येत नसेल तर एका शिक्षकाला नीट शिकवा, पेटीची किल्ली भिंतीवर टांगा आणि एक वही द्या. याला कुठल्या जीआरची वाट बघायची?

आणि पालकांनो, फोन. फॉर्मवर वडिलांचा नंबर असतो, वडील सुरतला कामाला. आई कापूस वेचायला गेलेली, तिचा मोबाइल घरी चार्जिंगला. पोराला टाके घालायचे असतात आणि आम्ही रिंग ऐकत बसतो. भर दुपारी उचलला जाईल असा एक तरी नंबर लिहून द्या. गल्लीतल्या किराणावाल्याचा असला तरी चालेल, फक्त त्याला आधी विचारून घ्या.