आजार पॉलिसीत बसतो का?

आमच्या नात्यात एखाद्याची नोकरी बरी की वाईट, हे दोन प्रश्नांत ठरतं. पीएफ कापतात का आणि मेडिक्लेम आहे का? पगार थेट विचारणं बरं दिसत नाही, म्हणून ही आडवाट. चाकणच्या ज्या कारखान्यात मी प्रॉडक्शन प्लॅनिंग बघतो तिथं दोन्ही आहेत, त्यामुळे लग्नाकार्यात मला पहिल्या पंगतीला बसवतात. ‘त्याला काय, त्याचं सगळं कंपनी बघते,’ हे आमच्या आत्यानं गावभर केलंय. कंपनी बघते हे खरंच आहे. करायचं आपल्यालाच असतं.

दरवर्षी पॉलिसीचं नूतनीकरण आलं की एचआरचा मेल येतो. त्यात एक तक्ता असतो आणि तक्त्याखाली, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरांत, अटी असतात. त्यातली एक अट आमच्या घरात बॉम्बसारखी फुटली. कर्मचाऱ्याला एकतर स्वतःचे आई-वडील घेता येतील, नाहीतर सासू-सासरे. दोन्ही नाहीत, आणि इकडची आई, तिकडचे वडील असंही चालणार नाही. जोडी फोडायची नाही.

हे मी जेवताना सहज बोलून गेलो. बायकोनं आमटी वाढता वाढता पळी तशीच धरली. ‘मग तू कोणाला घेतलंस?’

‘आई-आप्पांना. अगं, तुझे बाबा रेल्वेतून रिटायर झालेत. त्यांना रेल्वेचं हॉस्पिटल आहे.’

‘आहे ना. पण विचारायचं तरी होतंस.’

‘विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?’

‘आई-आप्पांनाच घे म्हणाले असते. मुद्दा तो नाहीये.’

मुद्दा काय होता ते विवाहित वाचकांना सांगायला नको. पुढचा आठवडाभर सासूबाईंच्या गुडघ्यांची बातमी मला दिवसातून दोनदा, न विचारता, ताज्या हवामान अंदाजासारखी मिळत राहिली.

बरं, आई-आप्पांना घेतलं म्हणजे कंपनीनं घेतलं असंही नाही. त्यांचा हप्ता माझ्या पगारातून जातो, वर 18 टक्के जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा आप्पांनी पेपर नाचवत मला उठवलं होतं. ती सवलत कंपनीच्या सामूहिक पॉलिसीला नाही, हे कळल्यावर त्यांनी अर्थखात्याबद्दल जे उद्गार काढले ते इथं देत नाही. आप्पा पाटबंधारे खात्यात लेखापाल होते. सरकारी हिशेबातली चूक त्यांना दिसली की त्यांचा रक्तदाब वाढतो; सापडली नाही तर जास्त वाढतो.

एवढं असूनही कंपनीच्या पॉलिसीला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. आईला पंधरा-वीस वर्षांचा मधुमेह. बाहेर स्वतंत्र पॉलिसी घ्यायला गेलो तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात, शिवाय तपासण्या. इथं एक्सेल शीटमध्ये नाव आणि जन्मतारीख टाकली की पहिल्या दिवसापासून सगळं झाकलेलं. आईची जन्मतारीख 1 जून आहे, कारण शाळेत घालणाऱ्या गुरुजींना तीच सोयीची वाटली. तीसुद्धा चालली.

तर आईच्या पित्ताशयात खडे निघाले. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं, आणि सर्जनचे आभार मानायच्या आधी आप्पांनी त्यांना विचारलं, ‘हे पॉलिसीत बसतं ना?’ सर्जन म्हणाले, बसतं. त्या दिवसापासून आईच्या दुखण्याविषयी घरात कोणी बोलेनासं झालं. जो तो ते बसवण्याविषयी बोलू लागला. जुन्नरच्या मामांनी फोनवर सुचवलं, ‘कंपनीचंच आहे ना? मग लगे हात डोळे, कान आणि ते पाठीचंही करून घ्या.’ आपल्याकडे फुकट मिळत असेल तर माणूस एखादा अवयव जास्तीचा काढून घ्यायलाही तयार असतो.

ॲडमिट व्हायच्या आधी मंजुरीचा फॉर्म असतो. तो डॉक्टरांनी भरायचा, हॉस्पिटलनं टीपीएला, म्हणजे विमा कंपनीसाठी दाव्यांचे कागद बघणाऱ्या मधल्या संस्थेला पाठवायचा, टीपीएनं विमा कंपनीला विचारायचं. फॉर्म घेऊन एक तरुण डॉक्टर आईजवळ आला. मुलगा गुणी. प्रत्येक रकाना मन लावून भरत होता.

‘आजी, पोटात कधीपासून दुखतंय?’

‘ह्यांच्याशी लग्न झाल्यापासून,’ आई म्हणाली.

‘लग्न कधी झालं?’

‘एकोणऐंशी साली.’

त्यानं ते लिहिलं. संध्याकाळी टीपीएची क्वेरी आली: आजार 1979 पासूनचा असल्याचं दिसतं, तरी तेव्हापासूनच्या उपचारांची कागदपत्रं सादर करावीत. टीपीए काउंटरवरच्या मुलीनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. आप्पांनी पिशवीतून त्यांची ती प्रसिद्ध प्लॅस्टिकची फाईल काढली, दोन-चार कागद चाळले आणि पिवळी पडलेली लग्नपत्रिका काउंटरवर ठेवली. ‘ताई, त्या सालचा आमच्याकडे एवढाच पुरावा आहे.’ शेवटी सर्जननी स्वतःच्या लेटरहेडवर ‘तक्रार तीन आठवड्यांपासून’ असं लिहून दिलं, तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा संसार त्या फॉर्ममधून वगळला गेला.

मग खोली. ह्या विषयावर मी एक छोटा शिबिरवर्ग घेऊ शकतो. आमचा विमा तीन लाखांचा आणि खोलीभाड्याची मर्यादा त्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला 3,000 रुपये. दोघांत मिळून असलेली खोली 2,800 ला होती, एकट्याची 4,500 ला. आत्या भेटायला आली होती. ती म्हणाली, ‘वहिनीला परक्या बाईशेजारी झोपवणार? वरचे दीड हजार मी देते, चल!’

आत्याची माया खरी, पण हिशेब तसा नसतो. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की विमा कंपनी नुसते वरचे दीड हजार कापून गप्प बसत नाही. 4,500 मधले 3,000 म्हणजे दोनतृतीयांश, म्हणून सर्जनची फी, भूल देणाऱ्याची फी, थिएटरचं भाडं, सगळ्याचे दोनतृतीयांशच मिळतात. कारण हॉस्पिटलात खोलीचा वर्ग वाढला की ह्या सगळ्यांचे दरही वाढतात. औषधांना आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही, तेवढीच कृपा. मी हे सगळं बिलाच्या मागं आकडेमोड करून आत्याला समजावलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, ‘मग पित्ताशय तरी अख्खं काढणार आहेत का?’

आईनं वाद मिटवला. तिला दोघांतलीच खोली हवी होती. शेजारच्या खाटेवरच्या सासवडच्या बाईंशी तिची गट्टी जमली आणि तळकट बंद झालेल्या दोघींनी तीन दिवस फक्त तळणीच्या पदार्थांच्या कृती एकमेकींना सांगितल्या.

ऑपरेशन छान झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. ज्यांना आपलं काम येत होतं त्यांनी ते केलं.

आप्पा मात्र फावल्या वेळात वाचायला लागले. विम्यातून पैसे न मिळणाऱ्या वस्तूंची एक यादी असते, 68 कलमांची. ती त्यांनी फोनवर मिळवली आणि बाकावर बसून खड्या आवाजात वाचायला घेतली. मास्क नाही. हातमोजे नाहीत. डॉक्टर हातमोजे घालतो ती त्याची हौस, असं विमावाल्यांचं मत दिसतं. थर्मामीटर नाही, मिनरल वॉटर नाही, टीव्हीचं भाडं नाही, कॅरी बॅग नाही. ब्यूटी सर्व्हिसेस नाहीत, हे वाचताना त्यांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. जन्माचा दाखला नाही. आणि शवागाराचा खर्च नाही. इथं ते थांबले.

‘म्हणजे इथं मेलो तरी तो खर्च घरचाच?’

‘हो, आप्पा.’

‘मग डिस्चार्जच घेतलेला बरा.’

डिस्चार्ज! सकाळी नऊला सर्जन येऊन म्हणाले, ‘आजी, घरी जा.’ आईनं साडी नेसली, वेणी घातली, पिशवी मांडीवर घेतली आणि खाटेच्या कडेला तयार होऊन बसली. अकरा वाजले. एक वाजला. डिस्चार्ज लिहिला म्हणून हॉस्पिटलचं जेवण बंद, आणि मंजुरी आली नाही म्हणून दारही बंद. बायकोनं घरून डबा आणला. त्यात मऊ भात होता, आणि मी शेजारच्या खाटेकडे पाहिलं तर तिथल्या बाईंसाठीही तिनं वेगळा डबा आणला होता. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विषय त्या दिवसानंतर निघाला नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

आप्पांकडे कात्रण होतं. विमा नियामकाच्या 29 मे 2024 च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसची, म्हणजे विमा कंपनीनं बिल परस्पर हॉस्पिटलला भरण्याची, मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च विमा कंपनीनं सोसायचा. ते कात्रण घेऊन आप्पा काउंटरवर गेले. मी मागे.

‘ताई, नऊ वाजता सोडलं. आता दोन वाजले.’

‘काका, तीन तास आम्ही बिल पाठवल्यापासून धरतात.’

‘मग बिल कधी पाठवलं?’

‘अजून बनतंय.’

आप्पा अवाक झाले. चाळीस वर्षं सरकारी खात्यात काढलेला माणूस, मुदत सुरूच न होऊ देण्याची ही युक्ती त्यांनी मनोमन वाखाणली असावी. ते परत येऊन मला म्हणाले, ‘हुशार आहेत.’ त्या मुलीवर मात्र कोणी रागवू नये. दोन फोन, एक संगणक आणि समोर पंधरा नातेवाईक. तिच्या हातात काहीच नसतं आणि शिव्या सगळ्या तिलाच. आम्ही तिला बायकोच्या डब्यातला भात दिला. तिनं खाता खाता पोर्टल रिफ्रेश केलं. ‘अंडर प्रोसेस.’

दरम्यान मी ऑफिसच्या ‘मेडिक्लेम हेल्प’ ह्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. कंपनीला पॉलिसी मिळवून देणाऱ्या ब्रोकरच्या माणसानं दोन मिनिटांत ‘ऑन प्रायॉरिटी सर’ असं उत्तर आणि हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. नंतर तो कुठं गेला कोणास ठाऊक. त्याच्याखाली आमच्या पेंट शॉपच्या एकानं विचारलं, ‘दातांचं बसतं का?’ आणि ग्रुप दातांकडे वळला.

मंजुरी रात्री साडेआठला आली. एकूण बिल 86,400. बिगरवैद्यकीय म्हणून वजा 6,840. उरलेल्यावर आई-वडिलांसाठीचा आमचा 20 टक्के वाटा, 15,912. विमा कंपनीचे 63,648, आमचे 22,752. आप्पांनी लाल रिफिलच्या पेनानं बेरीज तपासली, प्रत्येक ओळीशेजारी टिक केली आणि काही चूक निघत नाही म्हणून उदास झाले. मी कार्ड स्वाइप केलं. कॅशलेसमध्ये कॅश लागत नाही, कार्ड लागतं.

घरी आल्यावर कपातीची सविस्तर यादी मेलवर आली. आप्पांनी मला ती छापून आणायला लावली. चौथ्या पानावर एक ओळ होती: डबी, प्लॅस्टिक, 45 रुपये, अमान्य. हॉस्पिटलनं आईचे खडे ज्या डबीत घालून दिले होते ती. आता घरी कोणी विचारपूस करायला आलं की चहाच्या आधी आप्पा डबी काढतात, उजेडात धरून हलवतात आणि पाहुण्याच्या हातात देतात.

‘सांभाळून. आतले खडे ऐंशी टक्के कंपनीचे आहेत, पण डबी संपूर्ण आमची.’