खुलासा: मुलांचे आधार क्रमांक आम्ही विकत नाही, नोंदणीसाठी मागतही नाही

नागपूरच्या टेका नाका, इंदोरा भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात मुलांचे आधार क्रमांक नि पालकांचे मोबाइल नंबर घेऊन कोचिंग क्लासवाल्यांना विकतात. हे साफ खोटं आहे.

नोंदणीला आधार लागतच नाही. आमचा अर्ज एका पानाचा: मुलाचं नाव, इयत्ता, पालकांचा एक नंबर, काही आजार असल्यास तो, आणि खाली पालकांची सही. फोटो काढायला परवानगी आहे का, यासाठी सहीची वेगळी ओळ. ती कोरी असेल तर त्या मुलाचा फोटो आम्ही काढत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला कोणी मदत मागितली तरच आधार बघतो. ओटीपी पालक स्वतः टाकतात, झेरॉक्स तिथेच परत.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती, म्हणजे ती खरंच पालकांनीच दिली हे तपासता येईल अशी, सांगितली आहे. पण कायदा नसता तरी वस्तीतल्या पोरींचे नंबर आम्ही बाहेर जाऊ दिले नसते.

मेसेजसोबत एका भरलेल्या फॉर्मचा फोटो फिरतोय, तो फॉर्म आमचा नाही. त्यावर आधारचा रकाना आहे. मात्र त्यात एका मुलीचं नाव आणि घरचा नंबर स्पष्ट वाचता येतो. त्या लेकराचा विचार करा, तो फोटो कृपया पुढे पाठवू नका, ग्रुपवरून काढून टाका.

आपल्या मुलाचा अर्ज बघायचा, दुरुस्त करायचा किंवा परत न्यायचा असेल, तर वर्गाच्या वेळी या. कारण विचारणार नाही.