डबे फेकायला निघालेल्यांसाठी

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर वन्संनी एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, 'वहिनी, पोरांना ते डबे देऊ नकोस.' संध्याकाळपर्यंत तोच मेसेज मला आणखी तिघांकडून आला, म्हणजे कोल्हापुरात निम्म्या घरांत पोचला असणार. मथळा, 'टिनमधला मासा म्हणजे मुलांच्या ताटातलं विष.' खाली सहा मुद्दे. तीन वर्षं टिकतो म्हणजे त्यात फॉर्मेलिन, म्हणजे प्रेतं टिकवायचं रसायन, असतंच. डब्यात घातला की सत्त्व उरत नाही. त्यात पारा असतो. डब्याचा धातू अन्नात उतरतो. वर दूध प्यायलं तर कोड फुटतं. आणि शेवटचं, मूल मासा नको म्हणतंय म्हणजे त्याच्या शरीरालाच तो नकोय, जबरदस्ती करू नका, देणंच बंद करा.

मी उत्तर देणार नव्हते. पण दुपारी कपाट उघडलं तर डबे गायब. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते पिशवीत भरून मागच्या दारी ठेवले होते, भंगारवाल्याला द्यायला. भावोजींनी मस्कतहून नऊ डबे आणले होते. सहा तारलीचे, तीन कुप्प्याचे; डब्यावर सार्डिन आणि ट्यूना लिहितात तेच हे मासे. त्यातले चार संपले होते आणि त्यांतला मासा माझ्या धाकट्यानंही खाल्ला होता. तिसरीतला हा पोरगा बांगड्याचं कालवण शिजायला लागलं की नाक दाबून गच्चीवर जातो. महिनाभरात चार डब्यांतला मासा त्याच्या तोंडात गेला, आणि एका फॉरवर्डनं उरलेले डबे दारामागं गेले. म्हणून लिहिते आहे.

फॉर्मेलिनचंच आधी घेते, कारण आत्या घाबरल्या त्या याच शब्दाला. मासा डब्यात टिकतो तो औषधानं नाही, उष्णतेनं टिकतो. साफ केलेला मासा डब्यात भरतात, वर तेल, मिठाचं पाणी किंवा टोमॅटोचा रस घालतात, झाकणाची कड डब्याच्या कडेशी दुहेरी दुमडून हवाबंद करतात, आणि मग तो बंद डबाच वाफेच्या दाबाखाली शिजवतात. आपल्या कुकरमध्ये शिट्टी होताना आत जेवढं तापमान असतं, साधारण 120 अंश, तेवढंच तिथं असतं. पण कारखान्यात ते डब्याच्या मधोमध किती वेळ टिकलं हे मोजतात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू साध्या उकळीत तासन्‌तास तग धरतात. 121 अंशांची तीन मिनिटं पार गाभ्यापर्यंत पोचली की ते मरतात. आत जिवंत काही उरत नाही आणि बाहेरून काही शिरत नाही. मग सडवणार कोण? (हे घरच्या कुकरमध्ये करायला जाऊ नका. बरणीच्या मध्यभागी किती उष्णता पोचली हे आपल्याला मोजता येत नाही.)

अन्न बंद करून उष्णतेनं टिकवायची मूळ रीत निकोला आपेर या फ्रेंच माणसानं शोधली. 1810 साली फ्रान्सच्या सरकारनं त्याला त्यासाठी 12,000 फ्रँक दिले. ज्या फॉर्मल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण म्हणजे फॉर्मेलिन, ते जगात पहिल्यांदा हाती लागलं 1859 मध्ये, बुतलेरोव या रशियन रसायनशास्त्रज्ञाच्या. म्हणजे फॉर्मेलिनचा पत्ताही नव्हता तेव्हा पन्नास वर्षं लोक बंद करून शिजवलेलं अन्न खात होते. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढं तरी बघायचं होतं.

फॉर्मेलिनची भीती हवेतून आली नाही, हे मान्य करते. 2018 च्या जूनमध्ये केरळात फॉर्मेलिन मारलेली हजारो किलो मासळी पकडली होती, आणि जुलैत गोव्यानं बाहेरून येणारी मासळी काही दिवस बंद केली होती. पण तो सगळा बर्फातला कच्चा मासा होता, लांबून ट्रकनं येणारा. त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं फॉर्मेलिन ओळखायची पट्टी काढली, तीही ताज्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मासळीवर घासून बघायची. ज्याला दाबाखाली शिजवून बंद करायचं आहे, त्यात वर आणि फॉर्मेलिन कशाला कोण घालील?

'सत्त्व उरत नाही' म्हणणाऱ्यानं तारलीचा डबा कधी उघडलेला नाही. मी आत्यांच्या समोर एक उघडला. एक तारली हातात घेऊन मधला काटा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, दाबा. दोन बोटांत त्याचं पीठ झालं. तो काटा पोटात जातो म्हणूनच 100 ग्रॅम डब्यातल्या तारलीत 380 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं, पेलाभर दुधापेक्षा जास्त. शिवाय 24 ग्रॅम प्रथिनं, आणि बी-12. काट्याला घाबरणाऱ्या पोराला यापेक्षा सोपा मासा कुठला देणार? आत्या काही बोलल्या नाहीत, पण तळहात धुवायच्या आधी तो वास त्यांनी दोनदा घेतला.

पाऱ्याचं अर्धं खरं आहे. समुद्रात मोठा मासा लहान माशाला खातो आणि जितका मोठा, जितका जुना, तितका पारा त्याच्यात साठत जातो. डब्याचा त्याच्याशी संबंध नाही, माशाच्या जातीचा आहे. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनानं लहान मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी माशांच्या तीन याद्या केल्यात. तारली आणि डब्यातला 'लाइट' ट्यूना सगळ्यात चांगल्या यादीत आहेत. 'अल्बाकोर' किंवा 'व्हाइट' लिहिलेला ट्यूना दुसऱ्या यादीत, म्हणजे आठवड्यातून एकदाच. आठ ते दहा वर्षांच्या मुलाला चांगल्या यादीतला मासा एका वेळी साधारण 85 ग्रॅम, आठवड्यातून दोनदा. आमच्याकडं एका डब्यात चौघं जेवतात. आणि टाळायच्या यादीत कोण आहे? शार्क. म्हणजे आपली मोरी, जी बाळंतिणीला मुद्दाम आणून घालतात. पाऱ्याची काळजी असेल तर तिच्याबद्दल मेसेज करा.

धातूचं: डब्याला आतून लेप असतो, अन्न पत्र्याला लागत नाही. त्या लेपातल्या बीपीए या रसायनावर शंका आहेत आणि युरोपीय संघानं 2024 च्या डिसेंबरात त्यावर बंदी आणली, हे खरं. रोज तीन वेळा डब्यातलंच खाणाऱ्यानं विचार करावा. आम्ही आठवड्यातून एकदा खातो.

कोडाचा मुद्दा वाचून मात्र डोकं तापलं. चरकसंहितेत मासे आणि दूध एकत्र खाऊ नका असं आहे, ते मी नाकारत नाही, आमच्या घरात कुणी खातही नाही. पण कोड म्हणजे त्वचेतल्या रंग तयार करणाऱ्या पेशी मरणं, आणि बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्या मारते. खाण्यानं ते होत नाही. बंगाली माणूस दह्यात मासा शिजवून पिढ्यान्‌पिढ्या खातो. ज्या घरात मुलीला कोड आहे, तिथं हा मेसेज गेला की आईनंच काहीतरी चुकीचं खाऊ घातलं असं ठरतं. पुढं पाठवताना एवढा तरी विचार करायचा.

आता 'शरीरालाच नको असतं'. मग माझ्या पोराच्या शरीराला भेंडी, पडवळ, मूग, अंडं, सगळंच नकोय आणि बिस्किटं तेवढी हवीत. मुलं नवी चव, नवा वास नाकारतात. तीच गोष्ट दहा-पंधरा वेळा, थोडी थोडी, न ओरडता समोर आली की बरीचशी मुलं घेतात. जबरदस्ती नको, हे त्यातलं एक वाक्य बरोबर आहे. पण देणंच बंद करा, हे कसलं शहाणपण?

मी असं केलं. तारलीचं तेल निथळून, लिंबू पिळून, बोटानं कुस्करली. तीन वाट्या भाजणीत पहिल्यांदा एकच मासा घातला, वर बारीक कांदा, कोथिंबीर आणि अर्धा चमचा कांदा-लसूण मसाला. मीठ नाही, डब्यात असतंच. थालीपीठ तव्यावर कडक होईस्तोवर ठेवलं, कारण धाकट्याला कुरकुरीत लागतं. त्यानं खाल्लं. तिसऱ्या वेळी दोन मासे, मग अख्खा डबा. ट्यूना उकडलेल्या बटाट्यात मळून रव्यात घोळवून टिक्क्या केल्या. चौथ्या डब्याला तो ओट्याशी उभा राहून म्हणाला, 'मासा मी मोडणार.'

ज्याची खरंच भीती बाळगायची, ते त्या मेसेजात नाहीच. फुगलेला, गळणारा किंवा कडेच्या दुमडीवर खोल पोचा आलेला डबा चव न बघता फेकून द्या; बोट्युलिनमच्या विषाला वास नसतो. उघडलेला मासा स्टीलच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. बाहेर राहिलेल्या ट्यूनात हिस्टामिन तयार होतं, अंगावर पित्त उठतं, आणि ते पुन्हा गरम करून जात नाही.

वन्सं, पिशवी मी परत आत आणली आहे. आत्यांसमोर फोडला तो धरून पाच होते, चार उरलेत. श्रावण लागायला अडीच आठवडे आहेत, तेवढ्यात संपतील. येत्या रविवारी पोरांना घेऊन या, थालीपिठं करते.