टिटवीने घेतलेली आमची नोंद

आठवीत गेलेल्या कन्येला सुट्टीत काहीतरी उद्योग हवा म्हणून मीच बोलून गेलो की आपण उन्हाळ्यातल्या पशुपक्ष्यांची नोंदवही करू, आणि माझं वाक्य पुरं होईपर्यंत तिने शंभर पानी वहीत पट्टीने पाच रकाने मारलेसुद्धा. वेळ, ठिकाण, कोण दिसलं, किती, आणि काय करत होतं. हा पाचवा रकाना माझ्या मुळावर आला.

जागा ठरली बोरगड. नाशिकपासून जवळ, रामशेजच्या शेजारी, तुंगलदऱ्याकडे. २००८ साली जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र आहे हे, पण आकार साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एका सकाळी उरकेल असा माझा हिशोब. त्यात माथ्यावर हवाई दलाचं ठाणं असल्यामुळे गड चढायचा प्रश्नच नाही हे कळल्यावर तर माझं निसर्गप्रेम आणखीनच वाढलं.

निघायचं होतं साडेपाचला. पण सोबत मेहुणा होता, गळ्यात दुधी भोपळ्याएवढी लेन्स, आणि तो म्हणाला, "दाजी, रिकाम्या पोटी पक्षी दिसत नसतात." नाशिककराला रविवारी सकाळी मिसळ नको म्हणणं जमत नाही. तर्री दोनदा झाली, मग दही, मग चहा. पोचलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि मे अखेरच्या उन्हात पक्ष्यांची सकाळ संपून दुपार सुरू झाली होती. जो तो सावलीत, चिडीचूप. पहिला अर्धा तास वहीत एवढंच: सरडा, १, मान हलवत होता. तोही 'नाही' म्हणत असल्यासारखी.

मग झुडपातून शिट्टी आली. दोन सुरांची, एकदम स्वच्छ. नवरंग! पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे येणारा, नऊ रंगांचा, आणि एवढे रंग अंगावर घेऊन पाचोळ्यात असा काही गडप होणारा की समोर असून दिसायचा नाही. मी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं आणि श्वास रोखून उभा राहिलो. मेहुणा उकिडवा बसला, त्याचे गुडघे वाजले. तेवढ्यात सायकल हातात धरून एक आजोबा आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"काय हरपलं का भाऊ?"

"नाही आजोबा, पक्षी ऐकतोय."

"मंग ऐका की, म्या कुठं नको म्हनतो."

अकरा मिनिटांचं ते रेकॉर्डिंग घरी ऐकलं. त्यात माझी धाप आहे, खिशातल्या किल्ल्या आहेत, मेहुण्याची तर्री परत वर येत असल्याचे पुरावे आहेत, आणि शेवटी दोन सेकंद नवरंग आहे. पक्षी ओळखणाऱ्या ॲपला ऐकवलं तर ते म्हणालं, कावळा.

पण खरा प्रसंग पुढेच. मोकळ्या मुरमाड उतारावर पाऊल टाकलं आणि डोक्यावर टिटवीने जी काही बोंब ठोकली! डाव्या बाजूने सूर मारून यायची, टोपीवरून जायची, परत फिरायची. मी हातवारे करत मागे सरकतोय, ती जास्तच चेकाळतेय, आणि कन्या शांतपणे वहीत लिहितेय. आजोबा लांबूनच ओरडले, "आरं थांबा, पायाखाली बघा!" बघितलं. माझ्या बुटापासून दीड वितीवर चार अंडी. मातकट, वर काळपट ठिपके, आजूबाजूच्या खड्यांत इतकी मिसळलेली की बोट दाखवूनही मेहुण्याला दिसेनात. घरटं म्हणजे नुसता खळगा, कडेला चार खडे मांडलेले, बस्स.

आम्ही लांब कडुनिंबाखाली जाऊन बसलो. थोड्या वेळाने ती परत आली ती पोटाची पिसं ओली करून. पाणवठ्यावर भिजून यायचं आणि अंड्यांवर बसायचं, उन्हात अंडी उकडू नयेत म्हणून टिटव्या हे करतात असं वाचलं होतं, पण त्या खड्यांवर पडलेला ओला डाग स्वतः बघितल्यावर मी मिनिटभर खरंच गप्प बसलो (हीसुद्धा नोंद व्हायला हवी होती).

आजोबा म्हणाले, "चार अंडी म्हंजे चार म्हयने पानी. उंचवट्यावर हायेत, औंदा बेस पडंल." मेहुण्याने लगेच 'हवामान अंदाज' म्हणून फोटो घेतला. त्याचे एकूण बेचाळीस फोटो झाले, त्यात टिटवी दोन, माझी टोपी सात, उरलेल्या फांद्या.

घरी येऊन वही वाचली. टिटवीसमोरच्या पाचव्या रकान्यात लिहिलं होतं: ओरडत होती. आणि त्याखाली वेगळी ओळ, कोण दिसलं: बाबा. किती: १. काय करत होतं: तेच.

मी म्हटलं, हे खोड. ती म्हणाली, नोंद खोडायची नसते, तूच सांगितलंस.

रात्री दोनला जाग आली. गंगापूर रोडच्या आमच्या बिल्डिंगवरून टिटवी टीव टीव करत चालली होती. मी उशी कानावर ओढली.

शेजारच्या खोलीतून आवाज आला, "बाबा, वेळ बघून ठेव."