घडवलेले शब्द आणि बदललेली नावे : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘पॉवरलूमला सर्वांनी यंत्रमागच म्हणावे’ या माझ्या आग्रहावर आपण लिहिले आहे की, शब्द लोकांच्या तोंडी आपसूक घडतात आणि मुद्दाम पाडलेले शब्द सरकारी कागदाबाहेर जगत नाहीत. यातला निम्मा आक्षेप मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्याचे उत्तर मात्र आपल्या सोलापुरातच आहे.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. त्यांना आपण ज्या शब्दाने ओळखतो, तो ‘हुतात्मा’ सावरकरांनी मराठीत रूढ केलेला आहे. होमात अर्पण केलेले ते हुत. त्यावरून तो जाणीवपूर्वक घडवला गेला, आणि आज ‘सकाळच्या हुतात्मा गाडीने पुण्याला जातो’ असे म्हणताना तो कोणाच्याही जिभेला अडत नाही. ‘शहीद’ आधीपासून होता, तोही राहिला. ‘महापौर’चेही तसेच. १९६४ साली सोलापूरची महानगरपालिका झाली, पदच नवे आले, त्यामुळे त्याच्याबरोबर आलेला शब्द कोणाला उपरा वाटला नाही.

आपला आक्षेप खरा ठरतो तो जिवंत शब्दाला उठवून त्याच्या जागी दुसरा बसवताना. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, राज्याभिषेकाच्या वेळी ‘पेशवा’चे ‘मुख्य प्रधान’ झाले. पुढे बाजीरावांच्या शिक्क्यावरही ‘मुख्य प्रधान’ हीच अक्षरे होती, पण लोकांनी म्हटले पेशवेच. जिथे महाराजांचा अधिकारही पुरा पडला नाही, तिथे माझ्या लेखातल्या ‘च’ला काय बळ असणार? मागाच्या खडखडाटात आडवा धागा नेणारा धोटा अडकतो, ताण्याचे म्हणजे उभे धागे तुटतात, तेव्हा कामगार ‘धोटा’ म्हणतो आणि शेजारचा त्याच क्षणी धावून येतो. तशी जिवंत खूण कोणीही बदलू नये.

म्हणून ‘सर्वांनी’ आणि ‘च’ हे दोन्ही मी मागे घेतो. ‘यंत्रमाग’ मात्र लिहीत राहीन, कारण त्यात माग आहे, हातमागाशी असलेले नाते त्यात दिसते, आणि सोलापूरच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकराच्या ‘मग्गम’मध्ये व कन्नड शेजाऱ्याच्या ‘मग्ग’मध्ये तोच माग ऐकू येतो.