४५ दिवस मोजायचे कुठून?

काल रंकाळ्याच्या कट्ट्यावर विषय निघाला तो माझ्या पिशवीतल्या टेंडरच्या फाईलीवरून. शाळेला बाकं पुरवायची होती. आमचा तांत्रिक लिफाफाच, म्हणजे दर बघायच्या आधी कागद तपासतात तो भागच, बाद झाला, कारण प्रतिज्ञापत्र शंभराच्या स्टॅम्पवर होतं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात पाचशेचा लागतो. चूक माझी, मान्य. पण पत्रा किती गेजचा, वेल्डिंग कसं, इथपर्यंत गोष्ट पोचलीच नाही.

महेश उसळला. "भावा, हे नियमच जाळून टाकाय पायजेत. ज्याला माल पायजे त्यानं बाजारात जाऊन घ्यावा."

नाना तापले. त्यांची उभी हयात लेखा विभागात गेलेली. "जाळा की! मग साहेबाचा मेव्हणा माल घालंल आणि तू हितं बसून शिव्या देशील. एकेका अटीमागं कुठला तरी लेखाआक्षेप असतोय. कागद कमी घेतला तर टेबलावरच्या माणसाला रिटायर झाल्यावरसुद्धा नोटीस येत्या. जास्तीचा कागद मागितला म्हणून कुणाला नोटीस आलेली ऐकलीस?"

हे मला पटलं. कागद वाढतात ते या भीतीपोटी. २०२३ च्या जनविश्वास कायद्यानं ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींमधल्या शिक्षा काढल्या किंवा सौम्य केल्या. त्यानं धंदेवाल्याची भीती कमी झाली, चांगलंच झालं. प्रामाणिकपणे निर्णय घेणाऱ्या कारकुनाचीही तशीच कमी करा, अटी आपोआप गळतील.

"पण नाना," मी म्हणालो, "मुदत फक्त आम्हालाच का? आम्हाला एक मिनिट उशीर झाला की पोर्टल बंद. आणि बिलाचं काय?" एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे. करारात काहीही लिहा, लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांपलीकडं थकवता येत नाहीत. थकले तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढ व्याज. माझं मागच्या पुरवठ्याचं बिल सात महिने अडकलंय, वर सुरक्षा ठेव वेगळीच.

"मग व्याज माग की," महेश म्हणाला. "थकलेल्या पैशाची तक्रार ऐकायला सुविधा परिषद हाय न्हवं?"

"आणि पुढचं टेंडर मला कोण देणार?"

महेश गप्प बसला. गावोगावचे लहान पुरवठादार इथंच गप्प बसतात.

याची किंमत शेवटी पोरं मोजतात. शहाणा पुरवठादार सहा महिन्यांचं व्याज आधीच दरात धरतो. पण काम तर सगळ्यात कमी दरवाल्यालाच मिळणार. मग तो व्याज काढतो मालातून. १८ गेजच्या जागी २२ गेजचा, म्हणजे पातळ, पत्रा येतो, वरून रंग सारखाच. दुसऱ्या वर्षी बाकाचा पाय वाकतो. म्हणून मला वाटतं, आधी बिलाची मुदत पाळा, अटी त्यानंतर छाटा. पैसे वेळेवर मिळणार म्हटल्यावर चांगला कारागीरही टेंडर भरंल.

नानांनी चष्मा लावला. "थकल्या बिलाचं, माल पोचल्याचं चलन हाय काय संगं? आण हिकडं. ४५ दिवस मोजायचे कुठनं ते बघू."

चलनावर सही होती, गोल शिक्का होता. तारीख नव्हती.

नाना बराच वेळ ते उलटसुलट करून बघत राहिले. मग म्हणाले, "टेम्पोवाल्याची पावती शोध. तिच्यावर तारीख असंल. उद्या घेऊन ये, अर्ज मी लिहितो."