पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारा म्हणे!

परवा मुंबईत हिंदमाताजवळ गुडघाभर पाण्यात मामाची 2003ची मारुती झेन बंद पडली. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "अगं, त्या व्हायरल मेसेजमध्ये लिहिलंय तसं सेल्फ (स्टार्टर) मारतोय, पण घेतच नाहीये." मी फोनवरच ओरडले, "मामा, किल्ली काढ आधी!"

तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा आलाय, तुमच्याकडेही आला असेल. 'जुनी गाडी सुरू होत नाही? मेकॅनिक लुटतात! हे पाच उपाय करा.' बॅटरीच्या टर्मिनलवर कोला ओता, हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओता, धक्का मारा, चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून बॅटरी चार्ज करणारा ऑल्टरनेटर तपासा, आणि पाण्यात बंद पडली तर आणखी पाणी शिरायच्या आत सेल्फ मारत राहा.

शेवटच्यापासूनच सुरुवात करते, कारण याने अख्खं इंजिन जातं. लोकांना वाटतं पाणी सायलेन्सरमधून शिरतं. मुख्य धोका पुढच्या बाजूला असतो. इंजिन जिथून हवा ओढतं, त्या एअर फिल्टरच्या तोंडाशी पाणी आलं की तेही हवेसारखं आत ओढलं जातं. पिस्टन वर येताना हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड. इंजिन चालू असताना हे घडलं तर सगळ्यात वाईट, पण बंद पडल्यावर सेल्फ मारूनही रॉड वाकू शकतो. त्यात एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटून इंजिन मध्येच जोरात फिरलं तर संपलंच.

आणि ज्यांना 'इन्शुरन्स आहे की' असं वाटतं, त्यांनी आपली पॉलिसी काढून अपवादांचं कलम वाचावं. साध्या मोटर पॉलिसीत 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस', म्हणजे मूळ घटनेनंतर ओढवलेलं पुढचं नुकसान, देय नाही असं छापलेलं असतं. पाण्यात उभ्या गाडीला तुम्ही सेल्फ मारलात आणि इंजिन गेलं, तर कंपनी याच शब्दांवर बोट ठेवते. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि वीस वर्षांच्या गाडीला ते कोण देतंय! 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. तो पाऊस ज्या शहराने बघितलाय, त्याच शहरात हा मेसेज फिरतो याचीच चीड येते.

मग करायचं काय? सेल्फ मारायचा नाही, किल्ली स्टिअरिंगचं लॉक सुटेल एवढीच फिरवून ठेवायची, गाडी न्यूट्रलवर टाकून ढकलत कोरड्यात न्यायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची आणि टोइंगवाल्याला बोलवायचं. मेकॅनिक सगळे स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवतो, पाणी प्लगच्या भोकांतून उडतं. डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर तेही बदलायचं.

कार्बोरेटरवाला उपाय तर विनोदीच. मामाने गेल्या महिन्यात अर्धा तास बॉनेट उघडून कार्बोरेटर शोधला होता. त्याच्या झेनला तो नाहीच, एमपीएफआय आहे, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनने आत जातं. प्रीमियर पद्मिनीला असायचा, जुन्या मारुती 800लाही. तिथेही एकाने वरून पेट्रोल ओतायचं आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा म्हणजे बॅकफायर झाला की भडका थेट तोंडावर. उन्हाळ्यात टॅक्सीवाले पद्मिनीच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचे, त्याला तरी अर्थ होता. तापून लाइनमध्ये पेट्रोलची वाफ अडकायची, ती निवायची.

वायर काढून ऑल्टरनेटर तपासणं डायनॅमोच्या जमान्यात चालून गेलं असेल. आता चालू इंजिनची बॅटरी सोडलीत तर व्होल्टेज उसळून ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो. मल्टिमीटर लावा ना! इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट, बंद करून काही तास ठेवल्यावर 12.6च्या आसपास, संपला विषय.

धक्का स्टार्ट? गिअरवाल्या गाडीला, बॅटरीत थोडा जीव उरला असेल तर, दुसऱ्या गिअरवर होते. पार मेलेल्या बॅटरीवर इंजेक्शनची गाडी नाही होणार, पंपालाही वीज लागते.

आणि हो, टर्मिनल साफ करा हे बरोबर आहे, नाइलाजाने मान्य करते. नव्या बॅटरीवर पैसे घालण्याआधी तिथली पांढरी-हिरवी पावडर बघाच. पण कोला कशाला? चिकट साखर मागे राहते. वायर सोडून कोमट पाण्यात खायचा सोडा घाला आणि जुन्या टूथब्रशने घासा.

खरं तर मेसेजमध्ये एक ओळ हवी होती ती नाहीच: किल्ली फिरवल्यावर आवाज काय येतो? भराभर कट-कट-कट आलं तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच टक होऊन शांत झाली आणि दिवे मात्र लख्ख, तर बहुधा सेल्फचं काम. इंजिन मस्त फिरतंय पण घेत नाही, तर बॅटरीला हात लावू नका, पेट्रोल किंवा स्पार्क बघा.

मामाची बॅटरी आधीच उतरत आलेली होती. दोनदा घरघरली आणि थांबली, म्हणून इंजिन वाचलं. दोन सिलिंडरांतून पाणी निघालं. काल ग्रुपवर त्याने नवा मेसेज टाकलाय, 'पाण्यात गाडी बंद पडल्यास किल्ली काढून खिशात ठेवा', आणि खाली लिहिलंय, 'जसं आलं तसं पुढे पाठवत आहे'.